ऐकू कमी येणाऱ्या मैत्रिणीसोबत चहाघरात जायचे आहे: जागा कोणती निवडावी आणि चहा कोणता मागवावा?

कातरवेळ (प्रश्न)

नमस्कार. पुढच्या आठवड्यात मी माझ्या एका जुन्या मैत्रिणीला जवळजवळ सहा वर्षांनी भेटणार आहे. घरी भेटायचे म्हटले की दोघींपैकी एकीला यजमानीण व्हावे लागते आणि तिचे निम्मे लक्ष आतल्या खोलीत राहते, म्हणून आम्ही एका लहानशा चहाघरात दुपारी चार वाजता भेटायचे ठरवले आहे. मी तिथे एकदा जाऊन आले. मोजकी टेबले, पिवळसर मंद दिवे, भिंतीला लागून पत्तीच्या डब्यांची फळी आणि निवांत बसू देणारी माणसे, असे ते ठिकाण आहे. मला ते फार आवडले आणि तिलाही आवडावे अशी इच्छा आहे.

अडचण अशी की दोन वर्षांपूर्वी एका आजारपणानंतर तिच्या डाव्या कानाला ऐकू येणे जवळजवळ बंद झाले असून उजव्या कानात ती श्रवणयंत्र वापरते. आमचे बोलणे अलीकडे लिहूनच होते. मागच्या महिन्यात तिने सहज लिहिले होते, "गर्दीच्या जागी हल्ली मी नुसती हसते आणि वेळ मारून नेते." ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. सहा वर्षांनी भेटून तिने माझ्यासमोरही नुसते हसून वेळ मारून न्यावी, हे मला सहन होणार नाही.

दुसरी गोष्ट चहाची. आम्हा दोघींनाही दूध न घातलेला चहा आवडतो आणि एकच किटली मागवून ती दोघींनी वाटून घ्यावी असे माझ्या मनात आहे. परंतु दुपारनंतर चहा घेतला तर तिला रात्री झोप लागत नाही. व्हाइट टी सौम्य असतो आणि पहिले पाणी ओतून टाकले की त्यातले कॅफीन निघून जाते, असे मी ऐकले आहे. ते खरे आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचे, ही सारी काळजी घेताना भेट तिच्या कानांभोवतीच फिरू नये, यासाठी काय करावे?

दोन यंत्रे

मी गेली अकरा वर्षे दोन्ही कानांत श्रवणयंत्रे वापरतो, त्यामुळे आपल्या मैत्रिणीचे ते वाक्य मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. आपण हा प्रश्न भेटीच्या आधी विचारला, याबद्दल तिच्या वतीने मीच आपले आभार मानतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. यंत्र आवाज मोठा करते, पण नको असलेला आवाजही ते पुष्कळदा तितकाच मोठा करते. शांत खोलीत आपले बोलणे तिला चांगले कळेल. तेच बोलणे बशीवर आपटणाऱ्या कपांच्या, खुर्च्या सरकवण्याच्या आणि शेजारच्या टेबलावरच्या गप्पांच्या आवाजात मिसळले की शब्द ऐकू येतात, पण उलगडत नाहीत. क, त, स, श यांसारखी व्यंजने ओळखू येतात ती मुख्यतः उंच पट्टीतल्या बारीक आवाजांवरून, आणि पुष्कळांच्या बाबतीत आधी हरवतो तो हाच भाग. स्वर पोहोचतात, व्यंजने गळतात आणि वाक्याचा अंदाज बांधावा लागतो.

आता जागेविषयी. तिचा डावा कान जवळजवळ बंद आहे, म्हणून ती बाजू खोलीकडे, म्हणजे गोंगाटाकडे असू द्यावी. तिच्या डोक्याचीच आड त्या आवाजाला होते. चांगला कान भिंतीकडे आणि आपल्याकडे असावा. ती भिंत काचेची किंवा गुळगुळीत फरशीची नसेल तर उत्तम, कारण अशा पृष्ठभागांवरून आवाज परततो. आपण सांगितलेली डब्यांची फळी, पडदे, गाद्या, पुस्तके या सगळ्यांमुळे परतणारा आवाज मोडतो. टेबल लहान असावे. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. बंद खोलीत हा हिशेब इतका नेमका लागू पडत नाही, तरी रुंद टेबलाच्या पलीकडून बोलणे आणि हाताच्या अंतरावरून बोलणे यांत आमच्यासाठी जमीनअस्मानाचा फरक असतो.

उजेड आपल्या चेहऱ्यावर पडला पाहिजे. आपण खिडकीला पाठ करून बसलात तर तिला आपली नुसती काळी आकृती दिसेल. आम्ही सगळेच थोडेबहुत ओठ वाचतो, शिकलेलो असो वा नसो. मात्र ओठांवरूनही सगळे कळत नाही: प, ब आणि म ही तिन्ही अक्षरे ओठांवर सारखीच दिसतात, त्यामुळे "पाणी" आणि "मानी" यांतला फरक संदर्भावरूनच ठरवावा लागतो. म्हणून विषय बदलताना "आता आईविषयी सांगते" एवढे चार शब्द आधी बोलले की पुढची दहा वाक्ये सोपी होतात.

चहाघरापुरती एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण ती कोणी सांगत नाही. माणसे चहा ओतताना मान खाली घालून बोलतात आणि कप ओठांशी धरून बोलतात. ओतताना चेहरा दिसत नाही आणि कपामागे ओठ दिसत नाहीत. म्हणून ओतायचे तेव्हा ओतावे, प्यायचे तेव्हा प्यावे, आणि कप खाली ठेवून बोलावे. यात अवघडल्यासारखे काही नाही. उलट बोलण्याला एक संथ लय येते आणि तिला ऐकण्याच्या कष्टातून अधूनमधून सुटका मिळते. हे कष्ट खरेच असतात. तास-दीड तास लक्ष देऊन ऐकल्यावर मला उन्हातून चालून आल्यासारखा थकवा येतो.

आणि एक विनंती आहे. तिने "काय म्हणालीस?" असे विचारले तर कृपा करून "जाऊ दे, काही विशेष नाही" असे म्हणू नका. ते विशेष नसेलही, पण त्या क्षणी बोलण्यातून आपल्याला बाहेर ठेवले गेले, हे मात्र मनाला लागते. तेच वाक्य पुन्हा सांगावे आणि दुसऱ्यांदाही कळले नाही तर शब्द बदलून सांगावे. ओरडू नये, ओरडताना ओठांचा आकार बिघडतो आणि यंत्रातून आवाज फाटून येतो.

पत्ती आणि पाणी

पत्तीच्या चहाच्या एका दुकानात मी बरीच वर्षे काउंटरमागे उभी राहिले आहे, म्हणून चहाच्या भागाचे उत्तर देते.

आपण ऐकलेल्या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत आणि झोप न लागणाऱ्या माणसाला त्या महाग पडू शकतात. हिरवा, पांढरा, ऊलाँग आणि काळा हे चारही चहा कॅमेलिया सायनेन्सिस या एकाच झाडाचे आहेत; खुडल्यानंतर पानाचे ऑक्सिडीकरण, म्हणजे हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे काळवंडणे, किती होऊ द्यायचे, यावर त्यांतला मुख्य भेद ठरतो. कॅफीन त्या प्रक्रियेने नाहीसे होत नाही. उलट कोवळ्या कळ्यांमध्ये जून पानांपेक्षा कॅफीन जास्त असते आणि उत्तम व्हाइट टी तर कळ्यांचाच असतो. तो रंगाने फिका आणि चवीला हळुवार असतो, एवढ्यावरून तो झोपेलाही हळुवार असेल असे समजू नये.

पहिले पाणी ओतून टाकण्याचेही तसेच. अर्ध्या मिनिटात पानातल्या कॅफीनचा थोडाच भाग पाण्यात उतरतो, बाकीचे नंतरच्या मिनिटांत उतरत राहते. पाणी ओतून दिल्याने सुगंधाचा पहिला बहर तेवढा वाया जातो.

मोठ्या कपभर, म्हणजे सुमारे २४० मिलिलिटर काळ्या चहात साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन असते. निरोगी प्रौढ माणसाच्या शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात, परंतु माणसामाणसांत हा काळ पुष्कळ कमीजास्त असतो. चार वाजता दोन कप घेतले तर रात्री नऊला जवळजवळ एका कपाइतके कॅफीन तिच्या शरीरात शिल्लक असेल, असे धरून चालावे. तिला झोप लागत नाही हे ती उगाच म्हणत नाही.

म्हणून माझा सल्ला आहे रूइबॉस. हे चहाचे झाड नव्हे; दक्षिण आफ्रिकेत वाढणारे, शेंगावर्गातले झुडूप आहे. त्यात कॅफीन नसते आणि चहाला कडू-तुरट करणारे टॅनिनही कमी असते. शेवटची गोष्ट तुमच्या भेटीसाठी विशेष उपयोगी आहे. मी वर्षानुवर्षे पाहिले आहे की पुष्कळ दिवसांनी भेटलेली दोन माणसे किटलीकडे बघतच नाहीत. हिरव्या चहाला ७० ते ८० अंश सेल्सिअसचे पाणी आणि दोन-तीन मिनिटे पुरतात. त्यानंतर पत्ती पाण्यातच राहिली की चहा कडू होत जातो आणि जुनी आठवण पुरती सांगून होईपर्यंत किटली वाया गेलेली असते. रूइबॉसला उकळते पाणी आणि किमान पाच मिनिटे लागतात, आणि त्यापुढे तो वीस मिनिटे तसाच राहिला तरी फक्त गडद होतो, कडू होत नाही. रंग तांबूस, चव किंचित गोडसर, दुधाशिवाय पिण्याजोगा. एक किटली दोघींनी वाटून घेण्याची आपली इच्छाही त्याने पूर्ण होते. कॅमोमाइलच्या फुलांचा चहाही चालेल, पण त्याचा वास सगळ्यांना रुचत नाही. डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेला चहा मागवणार असाल तर त्यात थोडे कॅफीन उरलेलेच असते, हे लक्षात ठेवा.

किटलीतून ओतताना एक कप काठोकाठ भरून मग दुसरा भरू नये. तळाचा चहा वरच्यापेक्षा दाट असतो, म्हणून आधी एकीचा अर्धा, मग दुसरीचा पूर्ण आणि शेवटी पहिलीचा उरलेला भरावा. दोघींना सारखाच चहा मिळतो. आणि गरम किटली आली रे आली की प्यायची घाई करू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांपेक्षा अधिक गरम पेये अन्ननलिकेसाठी बहुधा घातक असल्याचे नोंदवले आहे. मला तर त्याहून साधे कारण पुरेसे वाटते: तोंड पोळले की त्यानंतरची चव कळत नाही.

ओसरीवरचा

वरची दोन्ही उत्तरे मनापासून आवडली, तरीही मला थोडे वेगळे सांगावेसे वाटते. कातरवेळ, आपण इतकी तयारी करून जाल की मैत्रीण येईल तेव्हा आपले डोळे तिच्याकडे नसून दिव्याकडे, खुर्चीकडे आणि शेजारच्या टेबलाकडे असतील. काळजी घेणाऱ्या माणसाची काळजी समोरच्याला चटकन दिसते. माझ्या वडिलांना शेवटची काही वर्षे ऐकू येत नव्हते आणि आम्ही सगळे त्यांच्याशी इतके सांभाळून बोलत असू की एके दिवशी ते म्हणाले, "तुम्ही आता माझ्याशी बोलत नाही, माझ्या कानाशी बोलता." ते शब्द मी विसरलेलो नाही.

त्यामुळे मला वाटते की तिला आधीच सरळ लिहून विचारावे: "तुला कुठे बसलेले सोयीचे पडते?" एवढाच प्रश्न. तिला या दोन वर्षांत स्वतःची जागा निवडण्याची सवय झाली असेल. ती हक्काने सांगेल. चहाचेही तेच. तिने कॅफीनचा चहा मागवला आणि रात्र जागून काढली, तर तीही तिची निवड असेल. आणि एकच किटली हवी, हा आग्रह तिच्यासाठी आहे की आपल्या मनातल्या जुन्या चित्रासाठी, हे एकदा स्वतःशी पाहावे.

दोन यंत्रे

ओसरीवरचा यांच्या वडिलांचे वाक्य वाचून मी थांबलो. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे, एक दुरुस्ती सोडून. विचारावे जरूर, पण सगळा भार तिच्यावर टाकू नये. आम्हाला प्रत्येक ठिकाणी स्वतःच मागावे लागते: आवाज कमी करा, जागा बदला, पुन्हा सांगा. एखादेवेळी कोणी न मागता चांगली जागा धरून ठेवली, तर त्याचे ओझे वाटत नाही, बरे वाटते. दोन टेबले हेरून ठेवावीत आणि निवड तिच्यावर सोपवावी.

वेळेबद्दल सांगायचे राहिले. चार वाजता तिथे गर्दी असते का, हे पाहून घ्या. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो. एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ साली याची नोंद केली आणि आजही तो परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. एका टेबलाने आवाज चढवला की शेजारचे टेबल चढवते आणि अर्ध्या तासात खोली गजबजून जाते. पाच टेबलांची खोली अर्धी रिकामी असताना आणि पूर्ण भरलेली असताना आमच्यासाठी दोन वेगळ्या जागा असतात.

कातरवेळ

सर्वांची मनापासून आभारी आहे. मी काल पुन्हा जाऊन आले. चारला गर्दी असते, तीनला नसते, म्हणून भेट तीनला घेतली आहे. मालकांना विचारले तेव्हा त्यांनी गाण्यांचा आवाज उतरवायचे लगेच कबूल केले. ओसरीवरचा, आपला शेवटचा प्रश्न मला बोचला आणि तो बरोबर होता. किटलीचा हट्ट मी सोडला आहे. ती म्हणेल तसे. तिला जागेविषयी लिहून विचारले, तर उत्तर आले: "तू ये तर खरी."

कातरवेळ (भेटीनंतर)

काल भेट झाली. इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी पंधरा मिनिटे आधी पोहोचले, तर ती माझ्याही आधी येऊन बसली होती, आणि बसली होती ती नेमकी डब्यांच्या फळीजवळच्या खुर्चीत: डावी बाजू खोलीकडे, उजवी फळीकडे. माझ्यासाठी तिने समोरची खुर्ची ठेवली होती, जिच्यावर खिडकीचा उजेड पडत होता. मी जे आठवडाभर शिकत होते, ते ती दोन वर्षांपासून करत आली होती.

रूइबॉसचे नाव मी काढले, तेव्हा तिने तो कधी प्यायला नव्हता. कॅफीन नाही म्हटल्यावर तिनेच एक मोठी किटली सांगितली. आम्ही ती खरोखरच विसरलो आणि पाऊण तासाने शेवटचा कप ओतला तेव्हाही तो कडू नव्हता. कप खाली ठेवून बोलण्याची गोष्ट मी पाळली. तिच्या ते लगेच लक्षात आले, पण ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तीही तसेच करू लागली. एकदा मात्र माझ्या तोंडून "जाऊ दे" निघून गेले. ती कप हातात धरून माझ्याकडे पाहत राहिली. मी तेच वाक्य पुन्हा सांगितले. ते माझ्या भावाविषयीचे, अगदी किरकोळ वाक्य होते आणि त्यावर ती इतकी हसली की शेजारच्यांनी वळून पाहिले. ते हसणे वेळ मारून नेण्याचे नव्हते, एवढे मला ओळखता येते.

दीड तासाने ती म्हणाली, "दहा मिनिटे काही बोलू नकोस हं." तिने यंत्र काढून डबीत ठेवले आणि खुर्चीला पाठ टेकली. दोन यंत्रे यांनी थकव्याविषयी लिहिले नसते, तर मी घाबरून गेले असते. आम्ही दोघी खिडकीबाहेर बघत बसलो. मग तिने यंत्र पुन्हा कानात घातले आणि जिथे थांबलो होतो, तिथूनच विचारले, "मग तो भाऊ काय म्हणाला?"

पुढच्या वेळी सकाळी भेटायचे ठरले आहे, म्हणजे तिला खरा चहा घेता येईल. तिला ऊलाँग हवा आहे आणि तो लहान किटलीत पुन्हा पुन्हा पाणी घालून घ्यायचा आहे. पत्ती आणि पाणी, प्रमाण सांगाल का?

पत्ती आणि पाणी

आनंदाने. १५० मिलिलिटरच्या किटलीला ५ ते ६ ग्रॅम पत्ती आणि उकळीच्या जरा खालचे, ९० ते ९५ अंशांचे पाणी घ्या. पहिल्यांदा अर्धा मिनिट ठेवा आणि पुढे दर वेळी दहा-पंधरा सेकंद वाढवा. चांगली पत्ती पाच-सहा वेळा सहज चालते. फक्त प्रत्येक वेळी किटली शेवटच्या थेंबापर्यंत ओतून रिकामी करा, आणि बोलायचे असेल तेव्हा पत्ती पाण्याविना तशीच राहू द्या, ती थांबते.